पहिला पॅच पाठवताना: दुसऱ्याच्या कोडमध्ये दुरुस्ती करायची, पण बांध कोरायचा नाही

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी एक 'ब' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे. पुस्तकांच्या नोंदी एका फुकट मिळणाऱ्या मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरमध्ये ठेवल्या जातात. तिथल्या ग्रंथपाल काकू एकदा वैतागून म्हणाल्या, "समोर कपाटात पुस्तक दिसायलंय अन् ही मशीन नाही म्हणायली." शोधायचा शब्द होता 'कुऱ्हाड'. मी टाइप करून पाहिला, खरंच सापडेना. 'कु' एवढंच टाकलं की पुस्तक यादीत हजर.

सॉफ्टवेअरचा कोड उघडा होता, मला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडीफार येत होती, म्हणून दुरुस्त करायला बसलो. दुरुस्ती दोन संध्याकाळांत झाली. ती मूळ प्रकल्पात जायला मात्र चार महिने लागले, आणि त्यातले निदान तीन महिने माझ्याच चुकांत गेले. कोड वाईट होता असं नाही. वाचणाऱ्याला तो वाचता येत नव्हता. पॅच (म्हणजे कोडमधल्या बदलाचा पाठवायचा तुकडा) हा यंत्रासाठी कमी आणि तो तपासणाऱ्या माणसासाठी जास्त लिहायचा असतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

लिहिण्याच्या सोयीसाठी आज्ञा मी देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाकायच्या, हे सांगायला नकोच.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारा प्रोग्रॅम. लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कामासाठी २००५ साली लिहिलेलं हे साधन आज जवळपास सगळीकडे चालतं.
- एक एडिटर, आणि त्यातली 'सेव्ह करताना आपोआप फॉरमॅट करा' ही सोय बंद केलेली. कारण पाचव्या पायरीत येईल.
- प्रकल्प जिथे असेल तिथलं खातं. गिटहबवर (कोड ठेवायच्या वेबसाइटवर) असेल तर दोन टप्प्यांची ओळख लागते आणि कोड ढकलताना खात्याचा पासवर्ड चालत नाही. ऑगस्ट २०२१पासून त्याच्या जागी टोकन किंवा एसएसएच की वापरावी लागते. माझी पहिली संध्याकाळ बरोबर असलेला पासवर्ड पुन्हापुन्हा टाकण्यात गेली.
- गिटमध्ये नोंदवलेलं खरं नाव आणि चालू ईमेल. हा ईमेल प्रत्येक कमिटला (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाला) कायमचा चिकटतो आणि कुणालाही दिसतो. नको असेल तर गिटहब देतं तो आडपडद्याचा पत्ता आधीच लावा, नंतर पुसता येत नाही.
- नोकरी करत असाल तर नेमणूकपत्र काढून वाचा. फावल्या वेळात लिहिलेला कोडही कंपनीचा, असं कलम काही करारांत असतं. तसं असेल तर लेखी परवानगी घ्या, आणि ती ईमेलवर घ्या, चहावर नको.

लॅपटॉप भारी लागत नाही. माझा जुना, हातबदलीचा आहे. फक्त ब्राउझर किंवा कर्नलसारखं अवाढव्य काही स्वतः बिल्ड करायचं असेल तर मेमरी आणि डिस्क दोन्ही कमी पडतात. पहिल्या पॅचसाठी तिकडे जाऊच नका.

१. रोज वापरता तो प्रकल्प निवडा, आणि तो पॅच घेतो का ते बघा

'नवशिक्यांसाठी सोपं' असं लेबल लावलेल्या इश्यूंच्या (प्रकल्पाच्या पानावर नोंदवलेल्या तक्रारींच्या) मागे सगळे धावतात. तिथे गर्दी इतकी असते की सकाळी उघडलेल्या इश्यूवर दुपारपर्यंत दहा जण "मला द्या" म्हणून गेलेले असतात. त्यापेक्षा तुम्हाला स्वतःला टोचलेला काटा शोधा. मराठी टाइप करणाऱ्याला असे काटे ढीगभर सापडतात: अक्षरं तुटतात, यादीत 'ळ' भलतीकडेच जातो, तारखेत महिन्याचं नाव चुकीचं येतं. हे बिघाड तिकडच्या प्रोग्रॅमरला दिसतच नाहीत, म्हणून वर्षानुवर्षं पडून असतात. तिथे तुमचं पारडं जड आहे.

प्रकल्प निवडला की तीन गोष्टी बघा. गेल्या दोन-तीन महिन्यांत बाहेरच्या कुणाचा पॅच स्वीकारला गेलाय का? परवाना कोणता आहे? आणि 'कॉन्ट्रिब्युटिंग' नावाची फाइल आहे का? ती असेल तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचा. माझ्या पहिल्या पॅचवरच्या सात शेऱ्यांपैकी चारांची उत्तरं त्या फाइलमध्ये आधीच लिहिलेली होती.

कोड उघडा आहे म्हणजे पॅच घेतातच, असं नाही. फोनोफोनी बसलेलं एसक्यूलाइट हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर मुक्त-स्रोत आहे, पण बाहेरून आलेले पॅच ते सहसा घेत नाहीत आणि तसं स्पष्ट सांगतात. काही ठिकाणी पॅचसोबत कागद लागतो. पायथनसाठी योगदान-करारावर सही करावी लागते, गूगलच्या प्रकल्पांनाही लागते. लिनक्स कर्नलमध्ये करार नाही, पण प्रत्येक पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ हवी. हा कोड देण्याचा मला हक्क आहे, असा तिचा अर्थ. ती गिट कमिटला एस हा पर्याय देऊन आपोआप लागते. न वाचता लावू नका. मागचं प्रमाणपत्र एक पानभर आहे.

२. कोड घरी आणा, तोही रेंज असताना

आपल्याकडे हे वेगळं सांगावं लागतं. गिट क्लोन, म्हणजे प्रकल्पाची प्रत उतरवून घेणं, मध्येच तुटलं तर ते राहिलेल्या ठिकाणाहून पुढे चालत नाही, पहिल्यापासून सुरू होतं. फोनच्या हॉटस्पॉटवर, दिवसाच्या दीड-दोन जीबीत मोठा प्रकल्प ओढायला गेलात आणि तेवढ्यात लाइट जाऊन टॉवर बसला, तर त्या दिवसाचा डेटा गेला. उपाय दोन आहेत.

पहिला, क्लोन करताना डेप्थ एक द्या. फक्त आजची अवस्था येते, जुना इतिहास येत नाही. नंतर वायफाय मिळेल तिथे गिट फेच अनशॅलो करून इतिहास भरून घ्या. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: फिल्टर म्हणून 'ब्लॉब नन' द्या. इतिहासाच्या नोंदी सगळ्या येतात, पण जुन्या फाइलींचा मजकूर गरज पडेल तेव्हाच उतरतो. पहिल्या उपायात गिट ब्लेम आणि गिट बायसेक्ट लंगडे पडतात, आणि पुढच्या पायरीत ते लागणार आहेत.

क्लोन झालं की मेन ब्रँचवर (कोडच्या मुख्य फांदीवर) एक अक्षरही लिहू नका. ताबडतोब नवी ब्रँच काढा आणि तिला कामाचं नाव द्या. मी पहिल्यांदा मेनवरच लिहिलं. मूळ प्रकल्प पुढे गेला, माझा मेन तिसरीकडेच, आणि तो गुंता सोडवण्यापेक्षा सगळं पुसून पुन्हा क्लोन केलं.

आणि काही बदलण्याआधी प्रकल्प आहे तसा चालवून बघा, त्याच्या सगळ्या टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते आपोआप तपासणारे छोटे प्रोग्रॅम) पळवा. तुमच्या मशीनवर आधीपासूनच दोन टेस्ट पडत असतील तर ते आत्ताच कळलं पाहिजे. नाहीतर नंतर आपल्याच पॅचवर संशय घेत रात्र जाते.

३. बिघाड पुन्हा घडवून दाखवा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ खाते आणि खाऊ द्यावी. 'शोध चालत नाही' हा बिघाड नव्हे, ती तक्रार झाली. बिघाड म्हणजे: ही नोंद, हा शब्द, ही आवृत्ती, यायला हवं होतं हे, आलं ते.

माझ्या बाबतीत गोम अशी होती. 'कुऱ्हाड'मधला अर्धा ऱ पडद्यावर एकच दिसतो, पण आत तो तीन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोडातला (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकातला) क्रमांक ०९३१, आणि त्याला हलन्त. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र दाबला की हे येतं. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता (खालचं टिंब) आणि मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्याला न दिसणारा 'झिरो विड्थ जॉइनर'. ही युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीच्या काळातली पद्धत, जुन्या मजकुरासाठी अजून मान्य आहे. वाचनालयात दहा वर्षांत तीन-चार जणांनी तीन-चार कळफलकांवर नोंदी केलेल्या. काही नोंदी जुन्या फॉन्टमधून रूपांतर होऊन आलेल्या. पुस्तकाची नोंद तिसऱ्या तऱ्हेची, काकू टाइप करत होत्या पहिल्या तऱ्हेनं. दिसायला सारखे, संगणकाला वेगळे.

हे नुसतं बघून कळत नाही. शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून त्याचा क्रमांक छापणारा तीन ओळींचा पायथनचा तुकडा लिहिला, तेव्हा न दिसणारं अक्षर दिसलं. तुमचा बिघाड दुसऱ्या जातीचा असेल, पण रीत हीच: अंदाज बाजूला ठेवा आणि आत काय आहे ते छापून बघा.

'आधी चालायचं, आता चालेना' अशा जातीचा बिघाड असेल तर गिट बायसेक्ट वापरा. चांगली आवृत्ती आणि बिघडलेली आवृत्ती सांगितली की ते मधली काढून देतं, तुम्ही बरी-वाईट सांगत जायचं. हजार कमिटांतून नेमकं दोषी कमिट दहाएक फेऱ्यांत हाती लागतं. ते कमिट कोणी, का केलं हे गिट ब्लेम आणि लॉगमधून वाचा. बऱ्याचदा ती ओळ वेडगळ दिसते, पण तिच्यामागे कारण असतं.

४. आधी सांगा, मग हात घाला

ओळ-दोन ओळींची उघड चूक असेल तर थेट पॅच पाठवा. वागणं बदलणारं काही असेल तर आधी इश्यू उघडा. त्याआधी जुने इश्यू शोधा, बंद झालेलेही. तुमची कल्पना तीन वर्षांपूर्वी कुणीतरी मांडून नाकारली गेली असेल तर का नाकारली ते तिथेच असतं.

इश्यूत वरची तिसरी पायरी लिहायची, बस. आपल्याकडे शाळेपासून लागलेली सवय म्हणून मी सुरुवात 'आदरणीय सर' अशी केली होती. समोर होत्या एक बाई. त्यांनी काही मनावर घेतलं नाही, पण मी दिवसभर ओशाळलो. तिकडे नावानं बोलवतात, त्यात अनादर नसतो. माफी, विनंती, 'मी नवीन आहे, चूक भूल द्यावी घ्यावी' हे सगळं काढा. नम्रपणा पॅचच्या नीटनेटकेपणात दिसतो.

दुसरी सवय आणखी वाईट: "मी करतो" म्हणायचं आणि गायब व्हायचं. आपल्याकडे 'बघू की, करू की' हे नाही म्हणण्याचं सौम्य रूप आहे, पण तिथे ते शब्दशः घेतात आणि दुसरं कुणी ते काम हाती घेत नाही. सोयाबीनच्या काढणीत पंधरा दिवस जमणार नसेल तर तसं एका ओळीत लिहा. कुणी रागावत नाही.

इंग्रजीची धास्ती असेल तर छोटी वाक्यं करा. एका वाक्यात एक गोष्ट. व्याकरण चुकलं तरी चालतं. नेमकेपणा चुकला की फेऱ्या वाढतात.

५. दुरुस्ती करा, बांध कोरू नका

आपल्या भागात भावाभावांत कोर्टकज्जे कशावरून होतात ते तुम्हाला माहीत आहे. नांगरताना दरवर्षी वीतभर बांध कोरायचा. एका वर्षात दिसत नाही, पण शेजाऱ्याला कळतं. पॅचमध्ये तसंच होतं. दुरुस्ती करायची असते नऊ ओळींची, आणि जाता जाता शेजारच्या फंक्शनचं नाव आवडलं नाही म्हणून बदललं, एक टिपण सुधारलं, मोकळ्या जागा सरळ केल्या.

माझा पहिला पॅच सहा फाइली आणि चारशेवर ओळींचा होता. त्यात कामाच्या ओळी अकरा. बाकी सगळं माझ्या एडिटरनं सेव्ह करताना आपोआप 'सुंदर' केलेलं. एका फाइलीत तर प्रत्येक ओळ बदललेली दिसत होती, कारण ती विंडोजवर उघडल्यावर ओळींच्या शेवटची न दिसणारी चिन्हंच बदलली होती. तपासणाऱ्या बाईंनी एवढंच लिहिलं: यात बदल कुठे आहे?

म्हणून कमिट करण्याआधी रोजचे तीन हात:

गिट डिफ, म्हणजे काय काय बदललं ते, पूर्ण वाचा, दुसऱ्या कुणाचा कोड असल्यासारखा. एखादी ओळ का बदलली याचं उत्तर लगेच देता येत नसेल तर ती परत ठेवा.

गिट डिफ चेक चालवा. ओळींच्या शेवटी राहिलेल्या मोकळ्या जागा ते दाखवतं.

गिट ॲड करताना (कमिटसाठी बदल निवडताना) पॅच पर्याय द्या. तो एकेक तुकडा समोर धरून 'हा घ्यायचा का?' विचारतो. सगळं एकदम टिंब देऊन ॲड करण्याची सवय मोडा; तीच सवय पासवर्ड असलेली फाइलही आत घेऊन जाते.

शैली प्रकल्पाची, तुमची नाही. कर्नलमध्ये टॅब आठ रकान्यांचा म्हणजे आठचाच. आजी वाकळीला ठिगळ लावायची तेव्हा दोराही वाकळीच्याच रंगाचा शोधायची, तेवढंच हे आहे. शेजारचा कोड खरंच वाईट असेल तर त्याचा वेगळा पॅच करा, नंतर. एका पॅचमध्ये एकच गोष्ट.

आता माझ्या अकरा ओळींबद्दल, कारण त्याही चुकीच्या होत्या. मी सरळ ऱचे र आणि नुक्ता असे तुकडे पाडले, नुक्ता आणि न दिसणारा जॉइनर दोन्ही काढून टाकले आणि मग तुलना केली. 'कुऱ्हाड' सापडला, मी खूश. बाईंना मराठी येत नाही, तरी त्यांनी विचारलं: ही चिन्हं काढल्यावर दोन वेगळे शब्द एक होतात का? मी बसून विचार केला आणि कपाळाला हात लावला. 'दऱ्या' आणि 'दर्या' एक झाले होते. 'आचाऱ्यांना' शोधलं की 'आचार्यांना' सापडत होते. स्वयंपाक्याला हाक मारावी आणि गुरुजींनी ओ द्यावी असं.

बरोबर उत्तर असं निघालं: नोंद आणि शोधशब्द दोन्ही आधी युनिकोडच्या एनएफसी या प्रमाण रूपात आणायचे. त्यात र अधिक नुक्ता आपोआप ऱ होतो. तिसरी तऱ्हा एनएफसीला कळत नाही, म्हणून र, हलन्त, जॉइनर हा क्रम दिसला तरच त्याच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचं. बाकी जॉइनरना हात लावायचा नाही. नऊ ओळी.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून कोड लिहून घ्यायचा विचार असेल तर प्रकल्पाचा नियम आधी बघा. जेंटू आणि नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पांनी २०२४ सालीच अशा कोडला दार लावलं. जिथे चालतं तिथेही प्रत्येक ओळीचा जाब तुम्हालाच द्यावा लागतो. वरच्या 'दर्या'च्या प्रश्नाला मी साधनाचं नाव सांगून सुटलो नसतो.

६. टेस्ट लिहा, आणि ती आधी पडू द्या

टेस्ट नसलेला पॅच म्हणजे पावती नसलेली उधारी. आधी टेस्ट लिहा, दुरुस्ती न लावता चालवा. ती पडलीच पाहिजे. मग दुरुस्ती लावा, ती पास झाली पाहिजे. हा क्रम उलटा केला तर टेस्ट खरंच बिघाड पकडते की नुसती मान डोलावते, कळत नाही. माझ्या पहिल्या टेस्टमध्ये दोन्हीकडचे शब्द मी एकाच कळफलकावर टाइप केले होते, त्यामुळे ती दुरुस्ती न लावताही पास होत होती. शेवटी अक्षरं टाइप न करता त्यांचे क्रमांक लिहून टेस्ट केली.

सापडायला हवं त्याची टेस्ट करता, तशी सापडू नये त्याचीही करा. 'दऱ्या' शोधल्यावर 'दर्या' येता कामा नये, ही टेस्ट आता त्या प्रकल्पात कायमची आहे.

७. कमिटचा संदेश

यावर मी सगळ्यात कमी वेळ घालवायचो. आता जवळपास कोडइतकाच घालवतो. रिवाज असा: पहिली ओळ पन्नासेक अक्षरांची, आज्ञार्थी, शेवटी पूर्णविराम नाही. मग एक ओळ रिकामी. मग मजकूर, बहात्तर अक्षरांवर ओळ मोडत. काय केलं ते डिफमध्ये दिसतंच. संदेशात का केलं ते लिहा. मराठीत सांगायचं तर माझा शेवटचा संदेश असा होता:

> शोध: तुलनेआधी मराठी ऱ एका रूपात आणा
>
> अर्धा ऱ तीन प्रकारे साठवला जातो आणि तिन्ही सारखेच दिसतात. शोध मात्र बाइट जुळवतो, त्यामुळे वेगळ्या कळफलकावर केलेली नोंद सापडत नाही.
>
> दोन्ही बाजू एनएफसीत आणा. र, हलन्त, जॉइनर हा क्रम एनएफसी बदलत नाही, तो वेगळा हाताळा. सगळे जॉइनर काढणं हा पर्याय सोडला, कारण त्यानं भिन्न अर्थाचे शब्द एक होतात.

सोडलेला पर्याय लिहिला याचा फार फायदा होतो. तपासणारा पहिला प्रश्न तोच विचारणार असतो.

'बदल केले', 'फिक्स', 'फायनल', 'फायनल २' अशी कमिटांची रांग लागली असेल तर पाठवण्याआधी गिट रिबेसच्या संवादी रूपात ती एकत्र करा. तुम्ही कुठे कुठे अडखळलात त्याचा इतिहास कुणाला नको असतो.

८. पाठवणं

पुल रिक्वेस्ट ('माझा बदल घ्या' अशी वेबसाइटवरूनच करायची विनंती) असेल तर सोपं: तुमच्या फोर्कवर (प्रकल्पाच्या तुमच्या खात्यातल्या प्रतीवर) ब्रँच ढकला, रिक्वेस्ट उघडा, वर्णनात इश्यूचा क्रमांक द्या, आपोआप चालणाऱ्या तपासण्या हिरव्या होईपर्यंत थांबा. लाल असेल तर नोंद उघडून वाचा, "पडलं, काय करू?" असं लगेच विचारू नका.

पण सगळीकडे पुल रिक्वेस्ट नसते. लिब्रेऑफिस गेरिट हे पॅच तपासायचं वेगळं साधन वापरतं. लिनक्स कर्नल, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि खुद्द गिट, यांचे पॅच ईमेलनं जातात. कर्नल आणि गिटसाठी ईमेल साध्या मजकुराचा हवा, गिट सेंड-ईमेलनं पाठवायचा. जीमेलच्या वेबपानात पॅच चिकटवून पाठवला तर टॅबच्या जागी मोकळ्या जागा येतात, ओळी मध्येच मोडतात आणि पॅच लागतच नाही. कर्नलचा पॅच कुणाला पाठवायचा ते त्यातलीच गेट-मेंटेनर ही स्क्रिप्ट सांगते, आणि शैली चेकपॅच तपासते. पहिला ईमेल स्वतःलाच पाठवून, तो उतरवून लावून बघा.

ऑक्टोबरात पाठवत असाल तर जरा जास्तच काळजी घ्या. हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात टी-शर्टसाठी एकेक शब्द बदललेल्या रिक्वेस्टींचा २०२० साली इतका पूर आला की आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलून फक्त होकार देणाऱ्या प्रकल्पांपुरता तो मर्यादित करावा लागला. बिनकामाच्या रिक्वेस्टींचा मेंटेनर मंडळींना, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांना, अजून धसका आहे.

९. रिव्ह्यू

थांबा. मेंटेनर बहुतेक नोकरी करून उरलेल्या वेळात हे करतात. कर्नलची स्वतःची सूचना आहे की आठवण करून देण्याआधी निदान एक आठवडा थांबा, आणि नवी आवृत्ती सुरू होताना दोन आठवड्यांची मर्ज विंडो (नवे बदल मूळ कोडात घेण्याचा काळ) असते तेव्हा त्याहून जास्त. मी इतर ठिकाणी दोन आठवडे धरतो. आठवण एका ओळीची. युरोपातली माणसं असतील तर उत्तरं आपल्या संध्याकाळी येतात. जेवण करून बसलं की गप्पा जुळतात.

शेरे आले की आधी सगळे वाचा, मग उत्तर द्या. 'निट' लिहिलेलं असेल तर किरकोळ, पण करून टाका. 'एलजीटीएम' म्हणजे पसंत. 'नॅक' म्हणजे नको. त्यावर वाद घालता येतो, पण नवं कारण असेल तरच. प्रत्येक शेऱ्याला उत्तर हवं: केलं, किंवा केलं नाही आणि का. पटलं नाही तर तसं लिहा. मुकाट्यानं चुकीची सूचना मान्य करणारा माणूस तपासणाऱ्याच्या काही कामाचा नाही; भाषेच्या बाबतीत तर तिथे जाणकार तुम्हीच आहात.

दुरुस्ती केली की नवं कमिट जोडायचं की जुनंच सुधारायचं, हे प्रकल्पावर अवलंबून. जुनं सुधारलंत तर ब्रँच जबरदस्तीनं ढकलावी लागते. तेव्हा फोर्स-विथ-लीज वापरा, नुसता फोर्स नको. मधल्या वेळात त्या ब्रँचवर दुसऱ्या कुणी काही ठेवलं असेल तर लीजवाला थांबतो, नुसता फोर्स पुसून मोकळा होतो. ईमेलनं पाठवत असाल तर नव्या पॅचवर 'व्ही२', 'व्ही३' लिहा आणि काय बदललं ते तीन रेघांच्या खाली सांगा. तो भाग इतिहासात जात नाही.

आणि शेरे तुमच्यावर नसतात. हे मला पटायला वेळ लागला. पहिल्या सात शेऱ्यांनंतर मी चार आठवडे ते पान उघडलंच नव्हतं.

१०. मर्ज झाल्यावर

ब्रँच पुसा, मूळ मेन ओढून घ्या. मर्ज झालं म्हणजे वापरणाऱ्याच्या हातात पडलं असं नाही. पुढची आवृत्ती निघेपर्यंत आणि ती तुमच्या लिनक्सच्या भांडारात येईपर्यंत वेळ जातो. वाचनालयात मी मधल्या काळासाठी हातानं पॅच लावून दिला होता. काकूंनी 'कुऱ्हाड' टाकून बघितला, पुस्तक आलं, मग लगेच 'ॲ'वरून सुरू होणारा एक शब्द टाकला. नाही आला.

तो वेगळाच बिघाड निघाला. 'ॲ' हे एकसंध अक्षर, क्रमांक ०९७२, युनिकोडात २००८ साली आलं. त्याआधीचे लोक अ आणि त्यावर चंद्र असं दोन तुकड्यांत लिहायचे. ही दोन रूपं एनएफसी एक करत नाही. त्याचा इश्यू मी उघडलाय. बाईंचं पहिलं उत्तर आलंय: जुन्या डेटाबेसमधल्या सगळ्या नोंदी बदलायच्या की शोधतानाच जुळवायच्या? हिंदीवाल्यांचा 'ऍ' त्यात धरायचा का, हा प्रश्न मी त्यांच्या आधी विचारून ठेवलाय.